मंत्रिमंडळ बाजाराला गेलं तेव्हा

बिरू गेल्याचं त्याच्या मुलीनं, सुनीतानं, फोनवर सांगितलं तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. एका गालावर साबण तसाच ठेवून मी खुर्चीत बसून राहिलो. मग उठून दुसरा गालही उरकला, कारण तसाच सांगलीला गेलो असतो तर हा गडी तिरडीवर उठून बसून हसला असता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. निवृत्त तहसीलदार, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ वगैरे वगैरे. खोटं त्यात काही नव्हतं. पण ज्या मेंढरांच्या जिवावर तो तहसीलदार झाला, त्यांचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही, हे मला फार लागलं. आता महिना उलटून गेलाय, घरचे विधी झालेत, तेव्हा ते काम मीच करतो.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. आम्ही ऊसवाले. बिरू आटपाडीकडचा. त्यांच्याकडं पाऊस नावाला पडायचा, म्हणून दिवाळी झाली की त्यांचं बिऱ्हाड मेंढरं घेऊन आमच्या बाजूला यायचं आणि लेंडीखतासाठी आम्ही ती आमच्या रिकाम्या रानात बसवून घ्यायचो. पुढं बिरूचे वडील धुळातात्या, मागं घोड्यावर लादलेला संसार, आणि सगळ्यांच्या शेवटी काखेत सामान्यज्ञानाचं पुस्तक मारून बी. ए. झालेला बिरू. मीही त्याच सरकारी परीक्षेचा अभ्यास करत होतो, म्हणजे वडिलांच्या समाधानापुरता. मी नापास झालो तरी माझा ऊस कुठं जात नव्हता. बिरूचं तसं नव्हतं. घराण्यातला पहिला शिकलेला तो, आणि वयाची अट संपत आलेली. शहात्तर साली त्यानं जो अर्ज भरला होता, ती त्याची शेवटची संधी होती. ती हुकली की पुस्तक ठेवून काठी घ्यायची, हे त्यानं स्वतःच ठरवलं होतं.

इतिहास-भूगोल त्याला तोंडपाठ. घोडं अडायचं ते चालू घडामोडींवर. केंद्रात कोणतं खातं कोणाकडं, हे तो रात्री पाठ करायचा आणि सकाळपर्यंत सगळी खाती एकमेकांत मिसळलेली असायची. पण दोनशे मेंढरांतलं कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे हाच गडी अंधारात नुसत्या ओरडण्यावरून सांगायचा. तेव्हा एक दिवस त्यानं अख्खं मंत्रिमंडळ कळपात वाटून टाकलं. कुत्र्याच्या अंगावर धावून जाणारी मेंढी संरक्षणमंत्री. दुसऱ्याच्या रानात घुसणारी परराष्ट्रमंत्री. कायम मागं राहून वाट बघायला लावणारी रेल्वेमंत्री. वळलेल्या शिंगांचा, हललं तरी कुठं काय खर्च होईल याच्या काळजीत असल्यासारखा दिसणारा पैदाशीचा मेंढा अर्थमंत्री. हाक मात्र खात्यानं नव्हे, त्या त्या मंत्र्याच्या आडनावानं मारायची. ती आडनावं मी इथं देत नाही. काहींचे नातू अजून निवडणुका लढवतात आणि मला या वयात लचांड नको. पंतप्रधानांचं नाव तेवढं कुठल्याच मेंढीला नव्हतं. ते विसरण्याची त्या दिवसांत कुणाला सोयच नव्हती.

धुळातात्यांनी आधी कुरकुर केली. बाप्यांची नावं मेंढ्यांना म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. पण परीक्षेसाठी आहे म्हटल्यावर त्यांनी सगळी आडनावं बिरूच्या आधी पाठ केली आणि दिवसभर रानातून केंद्र सरकारला शिव्या घालत हिंडू लागले. आमच्या रेडिओवर खातेपालटाची बातमी लागली की बिरू धावत रानात जायचा. एकदा त्यानं वडिलांना सांगितलं, की आजपासून ही अन्नमंत्री नाही, हिच्याकडं आता पोलाद आणि खाणी. तात्यांनी मेंढीकडं बघितलं, बिरूकडं बघितलं. म्हणाले, "तिला सांगितलंस का?"

या पद्धतीत एकच धोका होता आणि तो आदल्या वर्षीच कळला होता. परीक्षेच्या आधी तात्यांनी पाटबंधारेमंत्री विकला, आणि पेपरात नेमका तोच प्रश्न आला. बिरू सांगायचा, डोळे मिटले की ती जागा मोकळी दिसायची... नाव काही केल्या येईना. बाहेर येऊन तो वडिलांवर एवढा चिडला, की तात्यांनी शपथ घेतली: परीक्षा होईपर्यंत मंत्री विकायचा नाही. या शपथेपायीच पुढचं सगळं रामायण घडलं.

शहात्तरच्या उन्हाळ्यात कळप परत निघाला होता. सांगली जिल्ह्यातल्या एका मोठ्या बाजारात थोडी मेंढरं काढायची होती. गावाचं नाव राहू द्या. मीही गंमत म्हणून सोबत गेलो. आणीबाणीचे दिवस. लोक हॉटेलात चहाला साखर कमी आहे एवढंसुद्धा इकडंतिकडं बघून बोलत. बिरू आणि मी घोड्याला पाणी दाखवून येतोय तोवर एका व्यापाऱ्यानं अर्थमंत्र्याच्या पाठीवर हात टाकला होता आणि धुळातात्या, मंत्रिमहोदयांचं आडनाव घेऊन, भर बाजारात त्याला ठणकावून सांगत होते:

"त्याला आता न्हाई कापायचा. परीक्षा हुंदे. मग तुजं तू काय बी कर."

मागं एक हवालदार उभा होता. त्यानं तात्यांना दंडाला धरलं आणि चौकीवर नेलं. मेंढरंही तात्यांच्या मागोमाग आपली आपण चौकीच्या आवारात शिरली.

आम्ही पळत पोचलो तेव्हा तात्या भिंतीला टेकून खाली बसले होते. फौजदार तरुण होता, नवीन होता आणि घाबरलेला होता. घाबरलेला फौजदार फार वाईट. आपल्याला का आणलंय हे तात्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. साहेबांना मेंढा पसंत पडलाय असं त्यांनी धरलेलं, त्यामुळं कटात आणखी कोण कोण आहे असं फौजदारानं विचारलं की ते हात जोडून तेच सांगत, की साहेब, परीक्षा होईपर्यंत नाही. व्यापारी तर केव्हाच पसार झाला होता. बिरूनं सगळा खुलासा केला. मीही दुजोरा दिला, पण बोलता बोलता मलाच तो खोटा वाटायला लागला.

फौजदारानं विचार केला आणि एक वाट काढली. म्हातारा भ्रमिष्ट आहे, असं मुलानं लिहून द्यायचं. मग गुन्हा नाही, काही नाही. नाहीतर त्याला वर कळवावं लागेल, आणि मग बिरूच्या वर्तणुकीची चौकशी होईल तेव्हा हे प्रकरण निघणार. नोकरी विसरायची. बोलण्यात दमदाटी नव्हती. खरं तर तो आमची सुटकाच बघत होता. मी टेबलाखालून बिरूच्या पायावर पाय दिला. दे लिहून, चार ओळींचा तर मामला. तात्यांना वाचता येत नाही, त्यांना कळणारसुद्धा नाही, असं माझ्या मनात. बिरूनं पेन घेतलं. बराच वेळ हातात धरलं... आणि टेबलावर ठेवलं.

"बा शाणा हाय, सायेब. नावं मी ठिवल्यात. लिवायचं तर माजं लिवा."

मला त्याचा राग आला होता, आणि त्याच वेळी त्याच्याइतका मोठा माणूस मी पाहिला नाही असंही वाटलं होतं. दोन्ही खरं.  मग खरंखोटं करावं म्हणून फौजदारानं बिरूला प्रश्न घालायला सुरुवात केली. रेल्वे कोणाकडं? संरक्षण? बिरू खिडकीतून आवारात बघायचा, मेंढी शोधायचा आणि नाव सांगायचा. हवालदार वर्तमानपत्र धरून पडताळत होता. एका खात्याला बिरू अडला. घाम पुसून म्हणाला, ते आज बाजाराला आणलेलं नाही, लंगडतंय म्हणून माघारी ठेवलंय. तिथं फौजदाराचा संयम सुटला. तो इतका हसला, की हवालदारानं आधी दार लावून घेतलं. मग फौजदार म्हणाला, घेऊन जा ते मंत्रिमंडळ, आवारात लेंड्या पडल्यात त्याही झाडून न्या. बिरूनं त्या झाडल्या. मीपण झाडल्या.

आणि एवढं करून पुढच्या साली निवडणुका झाल्या, ते सरकारच पडलं, आणि परीक्षा आली ती नव्या मंत्रिमंडळावर! बिरूनं सगळ्या कळपाचं नव्यानं बारसं केलं. पास झाला. धुळातात्या मात्र शब्दाला जागले. निकालानंतरच्या बाजारात त्यांनी तो पसार व्यापारी हुडकून काढला आणि मेंढा त्याच्या हवाली केला. वर्तणुकीच्या चौकशीला पोलीस वस्तीवर आला, तेव्हा त्यानं पहिला प्रश्न मुलाचं नाव काय असा विचारला. तात्या म्हणाले, नावाचं सोडून काय बी इचारा.

पुढं बिरू पाटणला होता, मेढ्याला होता, सांगलीत घर बांधून निवृत्त झाला. चौकीचा विषय त्यानं कधी काढला नाही. मी चारचौघांत काढायला लागलो की उठून जायचा. तात्या गेले तेव्हाही बोलला नाही. मला वाटायचं, साहेब झाल्यावर लाज वाटत असेल.

परवा सुनीताकडं बसलो होतो. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि तिनंच मला विचारलं, काका, आजोबांना कधी कुणी धरून नेलं होतं का? शेवटच्या आठवड्यात बिरूला भ्रम होत होता. डॉक्टर रोज येऊन, शुद्ध तपासायला विचारतात तसं, विचारायचे, आता पंतप्रधान कोण? बिरू तोंड मिटून पडून राहायचा. आपला बाप, ज्यानं जन्मभर चालू घडामोडी चुकवल्या नाहीत, त्याला एवढं सांगता येईना म्हणून ती बाहेर जाऊन रडायची. मग एका सकाळी तो डॉक्टरांचा हात धरून बोलला.

"आदी माज्या बाला सोडा. मग सांगतो."

सुनीता घाबरली. डॉक्टर पोरसवदा होता, पण शहाणा. तो म्हणाला, "सोडलं, आजोबा." बिरूनं त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं, खात्री करून घेतली, आणि पंतप्रधानांचं बरोबर नाव सांगितलं. त्यांच्याकडं आणखी कोणती खाती आहेत, तेही सांगितलं.