भाजलेलं बियाणं

झुआची जीभ नेहमी तिच्या हातांच्या पुढे धावायची. वांगांच्या घरात सून म्हणून आली त्याला बावीस वर्षं झाली होती. आमचा मुलूख दगडांचा. इथे माणसं कातळाच्या खळग्यात टोपलीने माती टाकून मका लावतात आणि बोलण्यातही काटकसर करतात. अशा ठिकाणी ही बाई बाजाराच्या दिवशी दहा जणींना हसवून सोडायची. हसवायची म्हणजे अकराव्या कुणाला तरी चिमटा काढूनच.

बहुतेक वेळा ती अकरावी म्हणजे शेजारची किया. किया चालतानाही हातातला भांगेचा वाख, खोडाच्या सालीचे धागे, वळत चालायची, तिची आई-आजी चालायच्या तशीच. एकदा भर बाजारात झुआ ओरडली, "अगं किया, टाक ते! कारखान्यातले घागरे ढिगाने आलेत, रंगसुद्धा जात नाही त्यांचा. तू आपली मरेपर्यंत वळत बस, आणि मेल्यावर वेळ मिळाला तर आणखी थोडं वळ!" सगळ्या हसल्या. किया हसली नाही, तिने फक्त वाखाला पीळ दिला आणि पुढे गेली.

भांग म्हटलं की खालच्या शहरातले लोक डोळे मिचकावतात. मिचकावोत बापडे. आमच्याकडे भांग कुणी पीत नाही की ओढत नाही, आमच्याकडे ती नेसतात. जिवंतपणी काय वाटेल ते नेसा, पण बाई मेली की तिच्या अंगावर भांगेच्या सुताचाच घागरा लागतो. तो नसेल तर पलीकडे गेलेले आईबाप तिला ओळखत नाहीत. आणि इकडे तिच्या माहेरची माणसं येतात, घागऱ्याची किनार बोटांत धरून बघतात. आमच्या मुलीला या घरात कसं ठेवलं होतं, ते त्यांना तिथे कळतं.

झुआच्या सासूने, सेंगने, स्वतःसाठी असा घागरा विणून ठेवला होता. तीन वर्षांपूर्वी तिची धाकटी जाऊ अचानक गेली, तिच्या पेटीत काही नव्हतं. सेंगने आपला घागरा काढून तिच्या अंगावर घातला. "मी काय, अजून एक विणीन," म्हणाली. त्यानंतर वर्षभरातच तिचे डोळे गेले.

बियाणं मात्र तिचं होतं. लग्नात माहेरून पदराच्या गाठीत आणलेलं, तेव्हापासून पेरून पेरून राखलेलं. राखायचे तिचे नियम होते. बी सावलीत वाळवायचं, वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरायचं, वर थोडी राख टाकून तोंड मेणाने बंद करायचं. तुंबा ठेवायचा तो मागच्या गार दगडी भिंतीला. आणि दोन वर्षांच्या आत ते मातीत गेलंच पाहिजे, कारण भांगेचं बी म्हाताऱ्या माणसासारखं आतून विझत जातं, वरून काही दिसत नाही. झुआला हे सगळं पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टीकडे माणूस लक्ष देत नाही, तसं तिनेही दिलं नाही. एक जुना लहान तुंबा तर तिने किडे लागू नयेत म्हणून मक्याच्या कणसांबरोबर चुलीवर टांगून टाकला होता. मक्याला धूर मानवतो. भांगेला मानवत नाही.

नव्या वर्षाच्या सणाला नवऱ्याचे, तुआचे, सोबती आले. मक्याची दारू होती, पण बरोबर चघळायला काही नव्हतं. झुआने मागच्या भिंतीचा मोठा तुंबा उतरवला आणि त्यातलं सगळं बी मीठ लावून खमंग भाजलं. आता हे कोण पेरतंय, असं ती मनात म्हणालीसुद्धा. पाहुण्यांनी वाहवा केली. चुलीशी बसलेल्या सेंगच्या ओंजळीतही तिने मूठभर घातलं.

"कुठून आणलंस गं?" म्हातारी चावत म्हणाली. "दात नाहीत तरी सोडवत नाही."

"बाजारातून आणलं, आई."

"पुढच्या बाजारी अजून आण."

तेव्हा झुआला काही वाटलं नाही, हे तिला पुढे सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या महिन्यात सेंगला खोकल्याने धरलं. उठली, पण अर्धी होऊन. एके सकाळी तिने सुनेला जवळ बोलावलं. "या वर्षी भांग पेर बाई. मोठा तुंबा काढ. डोळे नाहीत, पण वाख सोलायला आणि सांधायला माझी बोटं पुरेत. विणायचं तू. पुढचं वर्ष काही मी बघत नाही."

"काढते, आई," झुआ म्हणाली. मोठ्या तुंब्यात एक बी नव्हतं.

चुलीवरचा लहान तुंबा उतरवला तेव्हा त्यावर बोटभर काजळी होती. आतलं बी सहा वर्षांचं. चांगलं बी काळपट, ठिपक्यांचं आणि हाताला जड लागतं. हे राखी रंगाचं आणि फुंकरीने उडेल असं होतं. तिने ते पाण्यात टाकलं. बहुतेक सगळं तरंगलं. बुडालं तेवढं तिने ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि कमरपट्ट्याखाली पोटाला बांधलं. अंगाच्या उबेने रुसलेलं बी जागं होतं, असं सेंगच सांगायची. ती स्वयंपाक करताना, डुकरांना घालताना ते फडकं पोटाला गार लागत राहायचं. तिसऱ्या दिवशी तिने गोठ्यामागे जाऊन उघडलं, काही नाही. पाचव्या दिवशी आंबूस वास यायला लागला. आठव्या दिवशी त्या चिकट, कुजलेल्या बियांत सहा पांढरी टोकं दिसली. तिने दोनदा मोजली. सहाच.

कियाकडे पोतंभर बी होतं. झुआ दोन वेळा तिच्या दगडी कुंपणापर्यंत गेली. दुसऱ्या वेळी किया अंगणात सूप घेऊन तेच बी पाखडत होती.

"काय गं झुआ, काही हवंय?"

एक शब्द पुरला असता. पण झुआला तो बाजारातला हशा आठवला. "नाही, आमची कोंबडी इकडे आलीय का बघत होते."

"नाही आली," किया म्हणाली, आणि सूप चालवत राहिली.

असं करत पेरणीचे दिवस गेले. डुकरांच्या गोठ्यामागे कातळात एक खळगा होता, तिथे झुआने ते सहा कोंब लावले. घरात येऊन सासूला म्हणाली, "पेरलं, आई. खालच्या वावरात."

मग रोजचं सुरू झालं. म्हातारी विचारायची, "केवढी झाली?" झुआ जमिनीपासून हात वर धरायची आणि सेंग चाचपडत तो हात शोधायची, त्याच्या तळव्यापर्यंतची उंची आपल्या बोटांनी मोजायची. आधी घोट्याएवढी. मग गुडघ्याएवढी. मांडीएवढी. रोपं सहाच होती, पण त्यांची उंची झुआ खरी सांगायची. खोट्यात तेवढं एक खरं धरून ठेवलं की बरं वाटतं. ज्या दिवशी तिने कमरेएवढा हात धरला, त्या दिवशी सेंग तो हात धरून बसली आणि म्हणाली, "दाट आलीय ना? दाट आली की वाख बारीक निघतो. हाताला गुण आहे हो तुझ्या." झुआ बाहेर गेली आणि पाण्याच्या हंड्याशी उगीच उभी राहिली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला तिथे कळलं.

पाचव्या महिन्यात सेंग काठी घेऊन दारात आली. "आज कापायची असेल. मला घेऊन चल. हात लावू दे एकदा."

"वावर लांब आहे, आई. उतार आहे."

"मग पाठीवर घे. नांदायला आलीस तेव्हा दिवसाला चार फेऱ्या लाकडं आणायचीस, माझं काय ओझं?"

झुआने तिला पाठीवर घेतलं. खालच्या वावराकडे दोन पावलं टाकली आणि तिचे पाय वळले. गोठ्यामागे खळग्याशी तिने सासूला उतरवलं आणि तिचा हात पहिल्या रोपाला लावला. सेंगने खोड चाचपलं, पान चुरगाळून हुंगलं. ओळखीचा वास आला तशी हसली. मग दुसरं रोप, तिसरं. सहावं झाल्यावर तिचा हात पुढे गेला आणि कातळाला लागला. परत मागे आला, परत कातळाला लागला.

"बाकीची?"

"नाहीत."

"म्हणजे?"

"बी नव्हतं, आई. सणाला मी भाजलं. मोठ्या तुंब्यातलं, सगळं. तुम्ही खाल्लंत ना, ते."

म्हातारीने ते सहावं रोप घट्ट धरलं. झुआला वाटलं, आता काठी बसेल. बसावी असंच तिला वाटत होतं.

"मी अजून आण म्हणाले होते," सेंग म्हणाली. मग, "चव चांगली होती."

झुआ तिथेच खाली बसली.

"ऊठ. आता रडून काय करशील? ही कापू नकोस. कापलीस तर हातभर चिंधी होईल माझ्यासाठी, आणि बी संपेल. बियाण्याला ठेव."

"पण आई, बियाण्याला ठेवलेल्या रोपाचं सूत तुटतं. तुमचा घागरा?"

"नाही व्हायचा," सेंग म्हणाली. "चल घरी, ऊन लागतंय."

त्यानंतर तिने "केवढी झाली" असं कधी विचारलं नाही. झुआचा हात मात्र संध्याकाळी चुलीशी बसल्यावर आपोआप उचलला जायचा.

सहा रोपांत दोन नर निघाले आणि परागाची धूळ उडवून वाळून गेले. चार माद्यांना नवव्या महिन्यात बी धरलं, काळपट आणि जड. झुआने ते सावलीत वाळवलं, तुंब्यात भरलं, राख टाकली, मेण लावलं, मागच्या भिंतीला ठेवलं. जेमतेम पाव तुंबा. दहाव्या महिन्यात सेंग गेली.

तेव्हा झुआने आपली पेटी उघडली. तळाशी तिच्या आईने विणलेला घागरा होता, लग्नात दिलेला, "हा नेसायचा नाही, जाताना अंगावर घालायचा" असं बजावून. तिने तो सासूच्या अंगावर घातला आणि चुण्या सारख्या करून ठेवल्या. तुआ बघत राहिला. "आणि तुझं?" त्याने विचारलं. तिने पेटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी माहेरची माणसं आली. पुढे सेंगचा भाऊ, पाठीत वाकलेला चेंग. तो बहिणीपाशी बसला, किनार बोटांत धरली, नखाने सूत तपासलं. कियाही दाराशी उभी होती.

"माझ्या बहिणीचं नशीब," चेंगमामा म्हणाला. "आजकाल कोण विणतं असं? सून असावी तर अशी."

लोकांनी माना डोलावल्या. गप्प बसलं असतं तर तिथेच मिटत होतं. झुआने कियाकडे पाहिलं; वांगांच्या घरात यंदा वाख सोललाच नाही, हे शेजारणीला ठाऊक होतं. किया काही बोलणार नव्हती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि तेच झुआला सोसलं नाही.

"मी विणला नाही, मामा. माझ्या आईचा आहे. आईंनी तुमच्या घरून आणलेलं बी मी सणाला भाजलं आणि पाहुण्यांना खायला घातलं. आईंनापण घातलं, बाजारचं म्हणून. सूत काढायला काही उरलंच नाही." एवढं बोलून ती मान खाली घालून उभी राहिली.

चेंगने किनार सोडली नाही. आता हा बहिणीचं प्रेत उचलू देणार नाही, असं तुआला वाटलं. पण म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "सगळं भाजलंस? काहीच नाही राहिलं?"

"सहा बिया उगवल्या होत्या. त्यांचं पाव तुंबा बी आहे."

"आण."

तिने तुंबा आणला, मेण फोडलं. चेंगने चार बिया तळहातावर घेतल्या. एक नखाने दाबून पाहिली.

"आमच्या घरात आठ वर्षांपूर्वी संपलं," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. "सुना घागरे विकत आणतात. मी दोनदा इकडे यायला निघालो होतो. अर्ध्या वाटेतून परत गेलो. लेक दिलेल्या घरी बियाणं मागायला कुठल्या तोंडाने जायचं?"

झुआने त्याच्या पागोट्याचा शेव धरला आणि त्यात अर्धं बी ओतून गाठ मारली. तिच्या मनात आलं, बी कसं राखायचं हे सांगणारी आपण कोण? पण सांगायला हवं होतं.

"गार भिंतीला ठेवा, मामा. चुलीवर टांगू नका. दोन वर्षांच्या आत पेरा," ती म्हणाली. "आणि सणाला..."

"हो," चेंग म्हणाला. "सांगतो सगळ्यांना."