माझ्या लेकीचं वाकडं नाक

कबड्डीच्या मैदानाकडेला माझ्या शेजारी दोन अनोळखी बायका बसल्या होत्या आणि स्थळ बघायला आल्यासारख्या खेळाडूंकडे बघत होत्या. "ती गोरी, उंच आहे ना, तीच चांगली खेळणार बघ," एक म्हणाली. रूप आणि खेळ एकाच घरी नांदतात, असं आपण सगळेच धरून चालतो. माझी शुभा त्यांच्या नजरेत भरलीच नव्हती. बुटकी, गुडघे सोललेले, आणि मागे एका पकडीत मोडलेलं नाक वाकडंच बसलेलं.

तेवढ्यात शुभा चढाईला निघाली. वाकून तिनं मैदानाची माती कपाळाला लावली आणि दम धरून आत शिरली. तिघींनी तिला कमरेत धरून पाडलं. ती त्या तिघींना ओढत सरकली, हात लांब केला आणि तिची बोटं मधल्या रेषेला टेकली. तिघीही बाद!

"अगं बाई, काय देखणी पोर आहे!" तीच बाई म्हणाली.

घटकाभरात पोरीचं काहीच बदललं नव्हतं. पण अंग आपलं काम असं जीव ओतून करायला लागलं, की बघणाऱ्याची नजरच बदलत असावी.

"कुणाची हो ही?"

"माझी," मी म्हणाले. "आणि ते नाक नीट बघा. आमच्या घरात सगळ्यांची नाकं सरळ आहेत. हे तिनं स्वतः कमावलंय."