गाडी दिसली की उतरायचं

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. फ्रान्सहून परत येताना आईनं गाडीत बजावलं होतं, "मुक्ता, यातलं काही मराठी मंडळात बोलायचं नाही हं. देसाईकाकांना तिथे तोंड दाखवायचं असतं." मी तशीही मंडळात फार बोलत नाही. जी बोलत नाही ती ऐकतही नाही, असं मोठ्या माणसांना वाटतं, त्यामुळे माझ्यासमोर सगळे बिनधास्त बोलतात. आणि लिहू नकोस, असं आई म्हणाली नव्हती.

किस्से सायकलच्या चेनच्या काळ्या तेलासारखे असतात. कधी लागले ते कळत नाही. घरी येऊन मोजे काढले की पोटरीवर सगळीकडे दिसतात, आणि साबणानं जात नाहीत.

तर आधी हे सांगायला हवं की आम्ही गेलोच का.

दोन वर्षांपूर्वी, इथे जर्मनीत, आई सायकलवरून कामाला जात होती. सिग्नल हिरवा होता. वळणाऱ्या एका गाडीनं तिला पाहिलं नाही. मनगट मोडलं, ते नाताळापर्यंत जुळलं. सायकल तर त्याच्याही आधी दुरुस्त होऊन आली. पण आई परत सायकलवर बसली नाही. बसनं जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "बसमध्ये वाचन होतं." तिच्या पर्समध्ये पुस्तक मी कधी पाहिलं नाही.

मग उटेमावशीनं तो रस्ता शोधून काढला. उटेमावशी जर्मन आहे, पण तिला मराठी तिच्या साताऱ्याच्या सासूबाईंनी शिकवलं, त्यामुळे ती आमच्या सगळ्यांपेक्षा ठसक्यात बोलते. आमच्या स्वयंपाकघरात नकाशा पसरून ती आईला म्हणाली, "हे बघ मेधा. सारब्र्युकनपास्नं कालव्याच्या कडंनं निघायचं, ते थेट फ्रान्सात. शेतं, गाया, झाडं. मोटारीला बंदी हाय. गाडी न्हाय, तर भ्या कुनाचं?"

आई बराच वेळ नकाशा बघत राहिली. मग म्हणाली, "रस्ता कुठेतरी आडवा येणारच. गाडी दिसली की मी उतरणार. चालत जाणार. चालेल?"

"गेनाऊ, बराबर," उटेमावशी म्हणाली. "चालत जा, न्हायतर रांगत जा. पन चल."

पफिंग्स्टनच्या, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरच्या सुट्टीत आम्ही सहा जण सायकलवर निघालो: आई, बाबा, मी, देसाईकाका, वृंदाकाकू आणि उटेमावशी. उटेमावशीचे यजमान आनंदकाका यांचा गुडघा दुखतो, म्हणून ते सगळ्यांचं सामान घेऊन मोटारीनं पुढच्या गावी जाऊन थांबणार होते.

*

देसाईकाका ब्रेकचे इंजिनिअर आहेत. बाबाही त्यांच्याच कंपनीत आहेत. म्हणजे दोघांचं पोट मोटारींवर चालतं आणि सुट्टीत दोघं मोटारी नसलेला रस्ता शोधतात.

निघायच्या सकाळी काकांनी सारब्र्युकनच्या पार्किंगमध्ये आम्हाला सायकली घेऊन रांगेत उभं केलं आणि तपासणी सुरू केली. बाबांचा मागचा ब्रेक ढिला निघाला. माझ्या एका पेडलवर रिफ्लेक्टर नव्हता. वृंदाकाकूंची हवा कमी होती. प्रत्येकाला छोटं भाषण मिळालं. "अपघात रस्त्यावर होत नाही," काका म्हणाले, "अपघात घरातून निघतानाच होतो. आल्झो, तेव्हा तयारी."

मग ते स्वतःची सायकल काढायला गाडीमागे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

सायकल गाडीत मावावी म्हणून त्यांनी आदल्या दिवशी पुढचं चाक काढलं होतं. ते चाक घरी, र्युसेल्सहाइमला, गॅरेजच्या भिंतीला टेकून उभं होतं.

वृंदाकाकू एवढंच म्हणाल्या, "ब्रेक मात्र उत्तम आहेत हं यांचे. सायकल जागची हलत नाही."

*

भाड्याच्या दुकानात एकच सायकल शिल्लक होती. पुढे वेताची टोपली आणि मागे लहान मुलाची सीट. काका तिच्यावर बसले तेव्हा कुणीच हसलं नाही, कारण सगळे दुसरीकडे बघत होते.

पहिल्याच फ्रेंच गावात वृंदाकाकूंनी कलिंगड घेतलं. ते ठेवायला जागा एकच होती. काकूंनी ते मुलाच्या सीटमध्ये बसवलं. आम्ही निघणार, तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा. त्याला बेल्ट लाव."

काकूंनी लावला.

बाबा म्हणाले, "देसाई, हेल्मेटशिवाय नेताय त्याला?"

*

आमच्या घरांत बायका नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. एरवी याचा कुणाला त्रास नाही. सायकलवर आहे.

कालव्यात एक मोठा करडा बगळा उभा होता. वृंदाकाकू ओरडल्या, "अहो, बघा!" देसाईकाकांनी ब्रेक दाबला. बाबा त्यांच्या मागे होते, त्यांनीही दाबला, पण थोडा उशिरा. दोघं आणि कलिंगड गवतात. कुणाला काही लागलं नाही. कलिंगड तर जागचं हललंसुद्धा नाही, बेल्ट होता.

"तुम्ही का थांबलात?" काकांनी बाबांना विचारलं.

"अहो म्हणाल्या ना त्या."

"मला म्हणाली!"

आई मागून शांतपणे म्हणाली, "मी तर हाक मारलीच नव्हती."

एवढ्यात उटेमावशी खिशातला फोन काढून हसायला लागली. ती आनंदकाकांशी बोलता बोलता सायकल चालवत होती. फोनमधून काका विचारत होते, "कोण बोलावतंय मला? मी गाडी बाजूला घेतलीय."

*

आता पाण्याचं. ऊन होतं आणि बाटल्या संपल्या होत्या. कालव्याचं पाणी अडवणाऱ्या दरवाजापाशी पूर्वीच्या राखणदाराचं छोटं घर होतं, खिडकीत लाल फुलं. दारात एक आजी शेंगा सोलत बसल्या होत्या. शाळेत फ्रेंच मीच शिकते, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझे कान गरम होतात. मी कालव्याकाठी उभी राहून वाक्य मनात जुळवलं. क्रियापद तपासलं. "कृपया" कुठे येतं ते आठवलं. मग जाऊन म्हटलं. एकही चूक झाली नाही.

आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं, शेंगांचं भांडं खाली ठेवलं आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाल्या, "किती छान बोलतेस. बाटल्या आण. आणि त्यांना सांग, बाकीच्यांनीही यायला हरकत नाही, इकडे सरहद्दीपाशी आम्ही म्हातारी माणसं घरात जर्मनसारखंच बोलतो."

बाबा आजही लोकांना सांगतात की मी फ्रेंचमध्ये पाणी मिळवलं. जर्मनचा भाग ते गाळतात.

*

एक गोष्ट मात्र कुणी ठरवून केली नव्हती, तरी सगळ्यांनी केली.

उटेमावशीचा रस्ता तिनं सांगितलं होतं तसाच निघाला. दोन्ही बाजूंनी झाडं, एका हाताला पाणी, मोटारीचा आवाज नाही. आई सुरुवातीला हँडल घट्ट धरून होती. मग बोटं सैल झाली. मी मागून बघत होते. पण मधूनमधून एखादी गावची सडक वाट ओलांडून जायची. तिथे आई उतरायची, दोन्हीकडे बघायची आणि सायकल ढकलत पलीकडे जायची. गाडी दिसो न दिसो.

पहिल्या सडकेला बाबा तिच्याबरोबर उतरले. दुसऱ्या सडकेला वृंदाकाकूंना नेमकी बुटाची नाडी बांधायची होती. पुढे देसाईकाकांना ब्रेक बघायचा असायचा, उटेमावशीला "पाय मोकळं करायचं" असायचं. मलाही काहीतरी सुचायचं.  

एका सडकेपाशी एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन उभे होते. रिकामा रस्ता, आणि सहा माणसं एकामागोमाग, खाली मान घालून, सायकली ढकलत चालली आहेत. सगळ्यात पुढे देसाईकाका, मागे पट्ट्यानं बांधलेलं कलिंगड. त्या गृहस्थांनी हळूच टोपी काढून छातीशी धरली आणि आम्ही सगळे पलीकडे जाईपर्यंत तशीच धरून ठेवली.

बाबा कुजबुजले, "त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं."

"मी नाही गेले अजून," आई म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. तिला सायकल झाडाला टेकवून ठेवावी लागली. सडकेपाशी उभी राहून हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

*

आणि आता डब्यांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदाकाकूंनी आणि आईनं हॉलिडे फ्लॅटच्या स्वयंपाकघरात पोळ्या केल्या, बटाट्याची भाजी केली, काकडी चिरली. डबे जड म्हणून आनंदकाकांच्या गाडीत ठेवले. कालव्याकाठी जेवायची जागा ठरली. काका तिथे डबे घेऊन येणार.

आम्ही पोचलो. सुंदर जागा होती, लाकडी टेबल, वर अक्रोडाचं झाड. आम्ही हात धुऊन बसलो. देसाईकाकांनी कलिंगडसुद्धा सोडवून टेबलावर ठेवलं.

फोन वाजला. उटेमावशीनं स्पीकर लावला.

"मी चर्चपाशी आहे," आनंदकाका म्हणाले. "पुढे येता येत नाही. खांब लावलेत. मोटारींना बंदी आहे म्हणे."

सगळ्यांनी कलिंगडाकडे बघितलं. मोटारी नसलेली वाट शोधायला आम्हाला अख्खा हिवाळा लागला होता, आणि जेवण आम्ही मोटारीत ठेवलं होतं.

"चालत या की," देसाईकाका म्हणाले.

"गुडघा," आनंदकाका म्हणाले.

चर्चपर्यंत जायला कालव्याची वाट नव्हती. पूल ओलांडून गावच्या मोठ्या रस्त्यानं जावं लागत होतं, आणि त्या रस्त्यावर गाड्या होत्या. आम्ही बसलो होतो तिथून दिसत होत्या.

"मी जातो," बाबा म्हणाले.

"तुमचा ब्रेक ढिला आहे," देसाईकाका म्हणाले. "मी जातो. माझ्याकडे टोपली आहे."

"तुम्ही त्या सायकलवर गावात जाणार?" वृंदाकाकू म्हणाल्या. "लोक टोप्या काढतील. मी जाते."

"सगळीजण बसा गुमान," उटेमावशी म्हणाली. "नवरा माझा हाय. मी जाते."

"पण फोन तुझ्याकडेच आहे," बाबा म्हणाले. "आनंद रस्ता चुकला तर तो कुणाला सांगणार?"

त्यांचं असं बराच वेळ चाललं. मी काही बोलत नव्हते, म्हणून मलाच दिसलं. टेबलापाशी आई नव्हती. देसाईकाकांची टोपलीवाली सायकलही नव्हती.

मी पुलाकडे बघितलं. आई पुलावर होती. पूल संपला, रस्ता आला. समोरून दुधाचा टँकर येत होता. मी वाट बघत होते की आता ती उतरेल. टँकर तिच्याशेजारून गेला. तिची ओढणी उडाली, सायकल थोडी डगमगली, सरळ झाली. ती उतरली नाही.

मी बाबांची बाही ओढली. त्यांनी बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. भांडण तिथल्या तिथे थांबलं. वृंदाकाकूंनी काकांचा हात धरला, आणि उटेमावशीच्या हातातल्या फोनमधून आनंदकाका विचारत राहिले, "हॅलो? कोण येतंय?"

ती चर्चमागे दिसेनाशी झाली. आम्ही कुणी बसलो नाही. मग ती परत येताना दिसली, टोपलीत डबे, चेहरा लाल. पूल ओलांडून ती खाली आली, डबे टेबलावर ठेवले, झाकणं उघडून एकेक बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"लोणचं गाडीतच राहिलं," ती म्हणाली. "आलेच."

"अगं, राहू दे लोणचं," चौघं एकदम म्हणाले. पण ती निघाली होती. या वेळी पुलावर तिनं घंटीसुद्धा वाजवली, कुणी समोर नसताना. बाबा टेबलाला धरून उभे होते. ते तिकडेच बघत राहिले, आणि मग बाबांनी, जे कधीही कुणासमोर, अगदी दवाखान्यातसुद्धा, एकदाही रडले नव्हते, रुमाल काढून... हो आई, आले, एवढं वाक्य फक्त