पोलंडहून आलेले पापड

नाताळ मला पहिल्यांदा नीट कळला तो बिलांमधून. काशीगावच्या बाजूला, हायवेला लागून आमचं ऑफिस आहे. एका कंपनीच्या निरनिराळ्या देशांतल्या शाखांचे हिशेब आम्ही इथे बसून तपासतो. डिसेंबरात त्या शाखांची नाताळची बिलं येतात. खर्च खरोखर ऑफिसचा आहे की कुणाच्या घरचा, हे बघणं माझं काम. त्यामुळे कुठल्या देशातली माणसं ऑफिसात सण कसा करतात, ते त्यांना न भेटताच मला कळत गेलं.

डेन्मार्कवाले एका लांब टेबलावर साहेब-शिपाई सगळे एकत्र जेवायला बसतात आणि दुपारी सुरू झालेलं जेवण अंधार पडला तरी संपत नाही. स्पेनमध्ये प्रत्येकाच्या घरी खाऊची भलीमोठी टोपली जाते, आपल्याकडे दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा मिळतो तशी. जपानच्या शाखेला त्या दिवशी सुट्टीच नसते. तिथली माणसं काम उरकून केक आणि तळलेली कोंबडी घेऊन घरी जातात. फिलिपिन्सची सजावटीची बिलं तर गणपतीतच यायला लागतात. एकदा त्यांनी नाचाच्या पोशाखांचं बिल लावलं होतं. याचा कामाशी संबंध काय, असा शेरा मारून मी ते परत पाठवलं. उत्तरादाखल एक व्हिडिओ आला. त्यांचा अख्खा हिशेब विभाग चांदण्यांचे पोशाख घालून नाचत होता आणि मधोमध घामाघूम झालेले त्यांचे मुख्य हिशेबनीस. विभागाविभागांत नाचाची चुरस असते म्हणे. मी बिल मंजूर केलं.

आमचा नाताळ म्हणजे बिनअंड्याचा केक, एक फोटो आणि परत काम. ते सगळे सुट्टीवर, म्हणून आमच्याकडे कामाची गर्दी.

गेल्या डिसेंबरात माझं कशातच लक्ष नव्हतं. बायकोच्या छातीतली गाठ काढून तपासायला पाठवली होती. नाताळच्या सुट्ट्या लागायच्या आधीच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत रिपोर्ट देतो, असं लॅबने सांगितलं होतं. मी रजा घेणार होतो. ती म्हणाली, "घरी बसून माझ्या तोंडाकडे बघत राहणार, त्यापेक्षा जा कामाला." ऑफिसात मी कुणाला काही बोललो नव्हतो. सांगून रिपोर्ट बदलणार नव्हता, असा माझा साधा हिशेब.

त्याच दिवशी पोलंडच्या शाखेचं पार्सल आलं. आमच्या चहाच्या मावशी दुपारी डब्यांबरोबर सगळ्यांना पापड भाजून देतात. त्यांनी पुडकं उघडलं, आत पातळ, पांढऱ्या, चौकोनी चकत्या. पापडच समजून त्यांनी एक चिमट्यात पकडून गॅसवर धरली. ती भुर्रकन पेटली. दुसरी उचलली तेव्हा तिच्यावर बाळ, आई आणि मेंढरं उमटलेली दिसली. मावशींनी चिमटा ठेवून हात जोडले.

"देव छापलेला पापड आज पयल्यांदा बघितला," त्या म्हणाल्या.

समुद्राकाठच्या पालीहून स्कूटरवर येणारी आमची एक सहकारी आहे, कोळी ख्रिस्ती घरातली. तिने येऊन खुलासा केला की चर्चमध्ये मिळतो तसाच हा प्रकार दिसतोय, पण मंतरलेला नसावा, घरी वापरायचा असावा. माझ्या शेजारी बसणाऱ्या गुजराती बेनना वेगळीच काळजी होती.

"अंडा तो नहीं है ना इसमें?"

"सिर्फ आटा और पानी, बेन. आपके खाखरे से भी सादा है," पालीची सहकारी म्हणाली.

पुढची रीत पोलंडच्या हिशेबनीस बाईंनी व्हिडिओ कॉलवर समजावली. तिकडे सुट्टीआधी ऑफिसातले सगळे अशी एकेक चकती हातात घेतात. प्रत्येकाने प्रत्येकाकडे जायचं, त्याच्या चकतीचा तुकडा मोडून खायचा आणि त्या माणसासाठी काहीतरी मागायचं. नुसत्या शुभेच्छा देऊन पुढे सरकलेलं त्यांच्यात चालत नाही. त्या माणसाला काय हवंय ते माहीत पाहिजे.

आम्ही उभे राहिलो आणि पंचाईत झाली. वर्षानुवर्षं समोरासमोर बसणारी माणसं आम्ही, आणि कुणासाठी काय मागायचं ते कळेना. मग विचारून विचारून सुरुवात झाली. कुणाच्या मुलीला कॉलेजात हवी ती शाखा मिळो, कुणाच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यापर्यंत तरी पाणी चढो, बेनचे गुडघे दुखायचे थांबोत. साहेबांचा लॅपटॉप वेळेवर बंद होवो, अशी मागणी तर बऱ्याच जणांनी केली.

पालीची सहकारी माझ्यापुढे आली. माझ्या चकतीला हात लावून थांबली.

"काय मागू भाऊ तुमच्यासाठी? खरं सांगा. याला खोटं न्हाय चालत."

मला खोटं सुचलंही नसतं. "बायकोची गाठ काढलीय. आज रिपोर्ट यायचाय. तो चांगला येऊ दे."

सगळं ठीक होईल, असं ती म्हणाली नाही, त्याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे. तिने तुकडा मोडला, डोळे मिटले, तोंडात टाकला आणि मग विचारलं, "जेवलात का?"

मी जेवलो नव्हतो. तिने डबा उघडायला लावला. घास घेत होतो तेवढ्यात लॅबचा फोन आला. रिपोर्ट बघणारे डॉक्टर नाताळासाठी गावी गेलेत, आता सुट्ट्या संपल्यावरच. फोनवरचं बोलणं बेनच्या कानावर गेलं असावं. त्यांनी माझ्यापुढच्या फायली ओढून घेतल्या. "जपानवाला मैं देख लूँगी. आप घर जाओ, भाई."

उरलेली चकती कागदात गुंडाळून, शर्टाच्या खिशात जपून, मी जेसल पार्कला घरी आलो. बायकोला रीत सांगितली. ऑपरेशन झाल्यापासून स्वयंपाक मी करत होतो. तिने तुकडा मोडला आणि म्हणाली, "यांच्या आमटीत मीठ बेताचं पडू दे." माझी पाळी आली तेव्हा मी नुसताच तुकडा मोडून हातात धरला. "कळलं," ती म्हणाली, "खा आता."

ते दिवस मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही. पण नाताळच्या दुपारी, ऐन सणात, पालीची सहकारी नवऱ्याला घेऊन दारात उभी राहिली. डब्यात नाताळचा गोड फराळ होता, कुलकुल आणि करंज्यांसारख्या नेवऱ्या. रिपोर्टचं नावही न काढता ती बायकोजवळ बसली. दोघींनी नेवऱ्यांच्या सारणावर एवढा वाद घातला की घरात बऱ्याच दिवसांनी मोठ्याने बोलणं झालं.

सुट्ट्यांनंतर रिपोर्ट आला. गाठ साधी होती. सवयीप्रमाणे मी तो नाव, वय, नमुना क्रमांकापासून खालच्या सहीपर्यंत तपासला, मग परत वरून. ऑफिसात दारातूनच सांगितलं. मावशींनी त्या दिवशी चहात इतकी साखर घातली की गोडाच्या शौकीन बेननीही तक्रार केली.

या डिसेंबरात पोलंडचं पार्सल वाटेतच कुठेतरी अडकलं. घरी सहज बोललो, तर बायकोने कपाटावरचा डबा काढायला लावला. उन्हाळ्यात तिने गच्चीवर तांदळाचे पापड वाळवले होते. "यावर देव नाहीत," ती म्हणाली, "चालतील का विचारा."

मावशींनी ते मनासारखे भाजले. सगळीकडून कडाकड आवाज उठला आणि कोण कुणासाठी काय मागतंय ते ऐकू येईना. पडद्यावर पोलंडच्या बाई हसून हसून डोळे पुसत होत्या. मी पालीच्या सहकारिणीपुढे गेलो आणि तिच्या पापडाचा कोपरा धरला.

"ताई, तुमच्यासाठी काय मागू?"

तिने थोडा विचार केला.

"वहिनींच्या हातचे पापड पुढच्या वर्षी पन येऊ देत."

मी तेच मागितलं आणि तुकडा मोडला.