वयनीचा कोट

वयनी पत्ता टाकायची नाही, आपटायची. पडवीत आपटलेला तिचा पत्ता माझ्या घरात ऐकू यायचा. ही शेजारच्या हरीची बायको. अर्नाळ्यात पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की आम्ही चौघं मेंढीकोट खेळायचो. मी आणि हरी एका बाजूला, वयनी आणि माझी बायको दुसऱ्या.

या खेळात चारही दश्शा एकाच बाजूला गेल्या की समोरच्यांवर कोट चढतो. दुसरीकडे नुसती चिडवाचिडवी होते. वयनीच्या पडवीत मात्र कायदा होता, कोट चढला त्यानं चहा करायचा. "कोट म्हंजे काय ठाव हाय? कोट म्हंजे मी बसनार आनि तुमी उठनार," असं ती पाय पसरून सांगायची.

आमच्यावर कोट पुष्कळ चढले. पण उठायचा तो हरी. मी नाखवा माणूस, स्वतःची होडी असलेला. चुलीला हात लावला नव्हता आणि लावणारही नव्हतो.

मग हरीच्या मुलानं विरारला फ्लॅट घेतला. हरी-वयनीचं सामान तिकडे न्यायला सकाळी टेम्पो येणार, म्हणून आदल्या दुपारी शेवटचा डाव मांडला. पत्ते वाटता वाटता वयनी म्हणाली, "आज कोट चढला तर चाय नाखव्यानंच करायची. हरीनं हात लावायचा नाय."

"चढव तर खरं!" मी म्हणालो.

तीन दश्शा त्यांनी ओढल्या. चौथी, इस्पिकची, माझ्याकडे. ती मी शेवटपर्यंत दाबून ठेवली. हुकूम सगळे संपले अशी माझी खात्री. शेवटच्या हाताची उतारी माझी, मी दश्शी आपटली. "घे! काय करतेस?"

वयनीनं त्या दिवशी पहिल्यांदाच पत्ता हळू ठेवला. हुकमाची दुर्री.

माझी बायको टाळ्या पिटत नाचली. हरी उठायला लागला. मी म्हणालो, "बस खाली. मी कबूल केलंय."

आत डबे सापडेनात. बाहेरून बायको ओरडली, "पत्ती वरच्या फळीवर!"

"सांगू नको गं," वयनी म्हणाली, "शोधू दे त्याला."

दूध उतू गेलं, साखर भरमसाट पडली. वयनीनं बशीत ओतून सावकाश भुरका मारला. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा.

"कशी झालीय?"

"गुळाचं पानी," ती म्हणाली, आणि रिकामा कप माझ्यापुढे धरला. "आनखी घाल."