मुलीच्या आधी सासरी पोचलेला रिपोर्ट

खून, दरोडे, खाडीत सापडलेली प्रेतं, सगळं पाहून झालं. पण एक साधा तपास आठवला की आजही माझं डोकं तापतं. त्यात ना शस्त्र होतं, ना सराईत गुन्हेगार. होती ती शहाण्यासुरत्या माणसांची बेफिकिरी.

मी तेव्हा रत्नागिरीत पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी वाचत असताना ठाणे अंमलदाराने एका मुलीला आत आणलं. ती पावसकडची, शाळेत शिक्षिका, लग्न ठरलेलं. तिने मोबाइल माझ्यासमोर ठेवला. पडद्यावर तिच्याच रक्ततपासणीच्या रिपोर्टचा फोटो होता.

"साहेब, लॅबने मला अजून रिपोर्ट दिलेला नाही. हा मला होणाऱ्या नवऱ्याने पाठवलाय. 'हे लपवलंत का' म्हणून विचारतोय."

तपासणी हार्मोनची होती. दुखणं औषधाने आटोक्यात येणारं. पण वाचणाऱ्याने 'हिला मूल होणार नाही' असा अर्थ लावून टाकला होता. लग्न मोडल्यातच जमा होतं.

तिचा जबाब सुरू झाला आणि लॅबमधून फोन आला. मुलीच्या भावाने तिथल्या तंत्रज्ञाला मारलं होतं. का? तर रक्त तंत्रज्ञाने घेतलं होतं, तो लांज्याचा आणि मुलाकडचेही लांज्याचे. एवढाच पुरावा. म्हणजे एका गुन्ह्याचा तपास सुरू व्हायच्या आत दुसरा दारात.

लॅबचे मालक डॉक्टर होते. एसीत बसून मला म्हणाले, "आमच्याकडून माहिती बाहेर जाणं शक्यच नाही. सगळ्या कॉम्प्युटरवर महागडा अँटीव्हायरस आहे."

"रिपोर्ट पाठवता कसे?"

"लॅबच्या मेलवरून. मशीनवरून रिपोर्ट आधी त्या मेलवर येतात, मी तपासले की पेशंटला जातात."

"त्याचा पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

"फक्त मला."

काउंटरवरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "सगळ्यांना माहीत आहे, सर. लॅबचं नाव नि पुढे एक दोन तीन."

लॅब सुरू झाल्यापासून तो एकदाही बदललेला नव्हता. नोकरी सोडून गेलेल्यांनाही तो ठाऊक होता. मी डॉक्टरांकडे पाहिलं, तर ते बाईंवरच चिडलेले.

तंत्रज्ञाला मी बाहेरच्या बाकावर बसवून विचारलं. ओठ फुटलेला, शर्टावर रक्त. "साहेब, मला तर तिचं गाव पण ठाऊक नाय. नळीवरचं नाव वाचतो, मशीनला लावतो. लग्न कोणाशी ठरलंय, ते मला कोण सांगणार?" त्याने मोबाइल स्वतःहून काढून दिला. सायबर शाखेला त्यात काही सापडलं नाही. तोवर डॉक्टरांनी त्याला कामावरून काढूनही टाकलं होतं.

"चौकशी पूर्ण व्हायच्या आधीच?" मी विचारलं.

"लोकांना काहीतरी करून दाखवायला नको का?"

त्या दिवशी माझा आवाज जरा जास्तच चढला.

मुलाच्या घरी वेगळीच तऱ्हा. त्याची आई म्हणाली, "अनोळखी नंबरवरनं आला. मी काढून टाकला." विचारलं की घरातले सगळे तेच वाक्य तसंच म्हणायचे. माणसं खरं बोलतात तेव्हा प्रत्येकाचं वाक्य वेगळं असतं, एवढं नोकरीने मला शिकवलं होतं. कोणाला तरी पाठीशी घालत होते. आईचा मोबाइल जप्त करून तपासणीला पाठवला. अहवाल कधी येईल ते देवालाच ठाऊक.

मग मी तो फोटो कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर मोठा करून बघत बसलो. रिपोर्ट मेलमधून थेट पुढे पाठवलेला नव्हता. कोणीतरी कॉम्प्युटरच्या पडद्याचाच फोटो काढला होता. रिपोर्टच्या मागून दुसऱ्या कसल्यातरी पानाची कड डोकावत होती. त्यात अर्धा गणपती आणि खाली 'चि. सौ. कां.' एवढी अक्षरं.

डॉक्टरांना फोन लावला. "तुमच्याकडे लग्नपत्रिका करतात का?"

"काय चेष्टा करता, साहेब!" ते भडकले. मग आवाज उतरला. "मध्यंतरी आमचा प्रिंटर बिघडला होता. पलीकडच्या पत्रिकांच्या दुकानात जाऊन मी मेल उघडून प्रिंट काढत होतो."

"नंतर लॉग आउट केलंत?"

"ते... त्यांनी केलं असेल ना."

पंच आणि सायबर शाखेचा माणूस घेऊन दुकानात गेलो. कॉम्प्युटरवर लॅबचा मेल उघडाच होता. आमच्या डोळ्यांदेखत कोणाचा तरी नवा रिपोर्ट येऊन पडला. एक पंच वाकून नाव वाचायला लागला, त्याला मी दंडाला धरून मागे ओढलं. गुन्ह्याच्या पंचनाम्यालाच आलेला माणूस तोच गुन्हा करत होता!

दुकान सांभाळणाऱ्या बाई नवऱ्या मुलाची आत्या निघाल्या. महिला अंमलदारासमोर जबाब घेतला. बाई जराही घाबरल्या नव्हत्या.

"डॉक्टरांनी उघडा ठेवलानी. मी काय कुलूप फोडलं? माझा भाचा फसला असता, मग?"

"रोज वाचायचात?"

"गिऱ्हाईक नसलं की बघायची. कोणाला साखर, कोणाला काय. पण दुसऱ्या कोणाचं कोणाला सांगितलं नाय हो कधी."

हे त्या स्वतःच्या भलेपणाचा दाखला म्हणून सांगत होत्या. महिनोन् महिने अर्ध्या शहराची दुखणी त्यांनी पत्रिकांचा मजकूर जुळवता जुळवता वाचली होती. कॉम्प्युटर जप्त केला, गुन्हा नोंदवला, डॉक्टरांनाही नोटीस दिली. पासवर्ड बदला म्हटल्यावर ते म्हणाले, "आता बाई सापडल्या ना?"

पुढे दुसऱ्या एका तज्ज्ञ डॉक्टरांनी दुखणं किरकोळ असल्याचं सांगितलं, तेव्हा मुलाकडचे नारळ घेऊन माफी मागायला गेले. लग्नाला तयार होते. मुलीने नकार दिला. तंत्रज्ञाला लॅबने परत बोलावलं, मुलीच्या भावाने त्याचे पाय धरले. पण तो मुंबईला निघून गेला.

दोषारोपपत्र गेल्याचं सांगायला मी मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "साहेब, दुखणं बरं होईल. पण शाळेत पालक मला बघून बोलायचे थांबतात, त्याचं काय?"

निवृत्तीनंतर व्यापारी मंडळी मला व्याख्यानाला बोलावतात. आंबेवाले, काजूवाले, हॉटेलवाले, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: कोणता अँटीव्हायरस चांगला? मी त्यांना विचारतो, तुमचा मेल या क्षणी कुठे कुठे उघडा आहे? कोणालाच सांगता येत नाही, आणि पुन्हा माझं डोकं तापतं. चोरीचा मुद्देमाल सापडला की पोलीस कोर्टाच्या हुकमाने तो ज्याचा त्याला परत देतात. सायकली, दागिने, एकदा तर एक म्हैसही मी अशी परत दिली. त्या मुलीला मात्र मी काहीच परत देऊ शकलो नाही.