एका खुंटीवर दोन फ्यूज

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बाजारात सकाळी उतरणाऱ्या वांग्या-मेथीतली बरीचशी एका लहान नाल्याच्या काठावरून येते. उन्हाळ्यात वरच्या तलावातून त्या नाल्यात थोडं पाणी सोडलं जातं आणि दोन्ही काठांवरचे भाजी पिकवणारे शेतकरी ते मोटारींनी उचलतात. वरच्यांनी मोटारी चालू ठेवल्या की खालच्यांच्या वाट्याला चिखल येतो. वाशीमला बातमीदारी करताना अशा भांडणांच्या बातम्या मी पुष्कळ दिल्या. त्यांत पोलीस ठाणं असायचं, तोडगा नसायचा.

या गावात तोडगा निघाला, तेव्हा मी तिथे होतो. मारुतीच्या देवळाच्या मंडपात बैठक होती. आपली मोटार बंदच असते, असं प्रत्येक जण शपथेवर सांगत होता. नाल्यावरचं अगदी शेवटचं वावर पन्नाशीच्या एका बाईचं आहे. गावात सगळे तिला काकू म्हणतात, मीही म्हणतो. ती उठून गेली आणि थोड्या वेळाने आपल्या मोटारीच्या पेटीतला चिनीमातीचा पांढरा फ्यूज घेऊन परतली. तो तिने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.

"हे घ्या. आता म्या म्हनलं तरी माही मोटर चालू होत नाई. आता तुमी आना."

नाल्यावरचं सगळ्यात वरचं वावर तिच्या दिराचं. तो हसला. "वहिनी, तुमच्या नाल्यात पानीच नाई. फ्यूज असला काय अन् नसला काय."

"मंग तुमचाच आना भाऊजी. तुमच्यापाशी तर पानीबी हाये अन् फ्यूजबी हाये."

मंडप हसला, आणि दिराला उठावं लागलं. अंधार पडायच्या आत सगळ्यांचे फ्यूज भिंतीवर आले. पाळी शेवटून सुरू करायची, असं ठरलं. आधी काकूचं वावर भिजेल, मग त्याच्या वरचं, असं करत दीर सगळ्यांत शेवटी. ज्याची पाळी त्याने आपला फ्यूज घेऊन जायचा आणि भिजवून झालं की परत आणून अडकवायचा. पहारेकरी नाही, दंड नाही. भिंतीकडे पाहिलं की कोणाची मोटार चालू आहे ते शाळेतल्या पोरालाही कळायचं. त्या उन्हाळ्यात काकूची वांगी मे महिन्यातही बाजारात आली.

ती बातमी मीच दिली. पुढे एका संस्थेने ती उचलली. संस्थेची माणसं आली, मग त्यांच्यामागून बाहेरच्या देशांतली. पाण्याची भांडणं सगळीकडे आहेत आणि सगळीकडे शेवटचं शेत कोरडं राहतं, त्यामुळे हे गाव जगाला दाखवण्यासारखं होतं. यात मला आजही शंका नाही. भिंतीला रंग लागला. खिळ्यांच्या जागी लाकडी खुंट्या आल्या, खाली नंबर आले. दीर पाणी समितीचा अध्यक्ष झाला, कारण त्याला बोलता येतं. तो दिल्लीला बोलला, एकदा परदेशातही बोलला. काकू मालेगावच्या पलीकडे गेली नाही. तिला जायचंही नव्हतं. तिला फक्त पाणी हवं होतं.

बिघाड फोटोपासून सुरू झाला. पाहुणे आले त्या दिवशी एकाची पाळी होती, म्हणून त्याची खुंटी रिकामी होती. फोटो काढणाऱ्याला भरलेली भिंत हवी होती. कोणीतरी मालेगावहून एक जास्तीचा फ्यूज आणला आणि तिथे अडकवला. तो परत कोणी काढला नाही. पुढच्या हंगामात बहुतेकांकडे दोन फ्यूज होते, एक भिंतीवर आणि एक मोटारीच्या पेटीत. कट असा कोणी केला नव्हता. प्रत्येकाला वाटलं, पाहुण्यांपुरतं आहे. पाहुणे मात्र वर्षभर येत राहिले.

काकूच्या खुंटीवर तिचा एकमेव फ्यूज होता. तिची वांगी फुलोऱ्यात सुकली.

मी ही बातमी लिहिली. ती परत आली. "चांगलं चाललेलं एक गाव आहे जिल्ह्यात, तेही मोडायचं का?" असं डेस्कवरून विचारलं गेलं. दिराला विचारलं तर तोही तेच म्हणाला. "तुमी लिहान, अन् उद्या कोनी येनार नाई. गावाचं नाव गेलं तर तुमाले काय भेटते भाऊ?"

"शेवटच्या वावराला पाणी मिळेल."

"भेटते नं. पाऊस पडला का भेटते."

पूर्व आफ्रिकेतल्या एका कालव्यावरची शेतकरीण आदल्या वर्षी पाहुण्यांसोबत आली होती. तिने माझा नंबर घेतला होता. फाल्गुनात तिने एक फोटो पाठवला. मातीची भिंत, तिच्यात खुंट्या, खुंट्यांवर कालव्याच्या दारांच्या लोखंडी चाव्या. काही खुंट्या रिकाम्या होत्या. खाली लिहिलं होतं, आम्हीही शेवटून सुरू करतो.

मी तो काकूला दाखवला. तिने मोबाइल हातात घेऊन रिकाम्या खुंट्यांवर बोट ठेवलं.

"तिथं पोचते का, शेवटच्या वावरात?"

"पोचतं म्हणते."

"मंग आपल्याइथं काहून नाई?"

माझ्याकडे उत्तर होतं. तिच्याकडेही होतं.

पुढच्या आठवड्यात पाहुणे आले. मंडपात सतरंजी होती, चहा होता, भिंत भरलेली होती. दीर उभा राहून बोलत होता आणि संस्थेची मुलगी भाषांतर करत होती. सगळे फ्यूज खुंट्यांवर होते, आणि नाल्याकडून मोटारीचा आवाज येत होता. गावातल्या प्रत्येकाला तो दिराच्या मोटारीचा आहे हे कळत होतं. पाहुण्यांच्या लेखी तो गावाकडचा कसलातरी आवाज होता.

काकू उठली. दीर बोलता बोलता म्हणाला, "वहिनी, चहा थंडा होऊन राह्यला."

"होऊ द्या," म्हणत ती बाहेर पडली.

दीर विश्वासावर बोलत होता. मध्येच मोटार थांबली. मंडपातल्या गावकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दिराचं वाक्य अर्धवट राहिलं. पाहुण्यांतल्या एकाने काय झालं म्हणून विचारलं.

"काई नाई," दीर म्हणाला. "लाईन गेली."

वरचा पंखा फिरत होता.

काकू परत आली. हातात फ्यूज होता. दिराच्या खुंटीवर एक फ्यूज आधीच लटकत होता, त्याच्यावर तिने हा दुसरा अडकवला आणि सतरंजीवर जाऊन बसली. पाहुण्याने बोट दाखवून विचारलं, या खुंटीवर दोन का? मुलीने प्रश्नाचं भाषांतर केलं. उत्तर कोणी दिलं नाही, म्हणून मी दिलं. एक दाखवायचा आहे, एक चालवायचा. मुलीने माझ्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं आणि पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं की गावाने जास्तीची सोय करून ठेवली आहे. पाहुण्याने ते लिहून घेतलं. मी तिचं बोलणं इंग्रजीतच दुरुस्त केलं, तेव्हा पाहुणे उठून गाडीकडे निघाले होते. त्यांना अजून कामरगावकडे जायचं होतं.

संध्याकाळी मी काकूला फोन केला.

"आलं का पाणी?"

"येऊन राह्यलं होतं. चार वाफे भिजले. मंग भाऊजीची मोटर चालू झाली."

"फ्यूज तर तुम्ही काढला होता."

"हौ," ती म्हणाली. "भिंतीवरचा एक नेला त्याइनं. तिथं काय, दोन होते."